सात विसा नि वर तीन नांग्या

वर्गात तिला सगळे काकू म्हणायचे. एकदा तर हजेरी घेता घेता सरांच्याच तोंडून निघून गेलं, "एकोणचाळीस नंबर, काकू," आणि मग सर बराच वेळ हजेरीच्या वहीत तोंड खुपसून बसले. वर्ग खिदळला. ती मात्र "हजर" म्हणून खाली बसली. चव्वेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या पोरापोरींच्या बाकावर बसायचं, तर एवढं ऐकून घ्यावंच लागणार, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. ठरवलं म्हणजे राग येत नव्हता असं नव्हे. राग यायचा, आणि चांगला सणसणीत यायचा.

यायचं कारणही तसंच होतं. ज्या विद्यापीठात ती आता कृषी उत्पादनाची पदवी घेत होती, त्याच विद्यापीठाच्या शेतावर तिने एकोणीस वर्षं मजुरांच्या टोळीत काम केलं होतं. पेरणी, खुरपणी, कापणी, बियाणं वाळवणं, पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधणं, सगळं. आता शिकवायला उभे राहणारे हे चष्मेवाले सर बारा वर्षांपूर्वी तिथे विद्यार्थी म्हणून आले, तेव्हा खुरपं उलटं धरत होते. बी किती खोल टाकायचं ते त्यांना तिनेच वाफ्यात उकिडवं बसवून दाखवलं होतं. "दोन पेरं, सर. बोट असं घाला, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं की थांबा." आणि त्याच सरांनी पहिल्या वर्षीच्या परीक्षेत सूर्यफुलाच्या पेरणीची खोली विचारली, तिने लिहिलं "दोन पेरं," आणि उत्तरावर लाल फुली! शेजारी बारीक अक्षरात शेरा: "पेर हे शास्त्रीय एकक नाही." तिने ती उत्तरपत्रिका घरी आणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. साडी काढताना रोज दिसायची आणि रोज नव्याने डोकं तापायचं.

एवढा जाच सोसायचा कशाला? तर एका खुर्चीसाठी. शेतावर पर्यवेक्षकाची जागा निघणार होती. टोळीला काम वाटून देणारा, वाफ्यांचे नकाशे सांभाळणारा, सावलीत टेबल असणारा माणूस. तिला ते काम डोळे मिटून आलं असतं. गेली सात-आठ वर्षं पर्यवेक्षक रजेवर गेला की तीच ते करत होती. पण जागेला पदवी हवी, आणि वय पंचेचाळीसच्या आत. म्हणजे हे शेवटचं वर्ष. यंदा पास, तर खुर्ची. नाहीतर साठीपर्यंत उकिडवं बसायचं, आणि मग गुडघे धरून घरी.

घरी गुडघे धरून बसलेलं एक उदाहरण होतंच. सासूबाई. त्याच टोळीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. सुनेला टोळीत घेऊन गेल्या त्या त्याच, आणि रोप धरायचं कसं, दाबायचं कसं हे शिकवलं तेही त्यांनीच. पण सून कॉलेजात जायला लागली आणि म्हातारीचं काहीतरी बिनसलं. "पुस्तक वाचून बी लवकर उगवतं होय गं?" "आज काय शिकवलं, खुरपं कशाला म्हणतात ते?" चहा गाळताना एक, पोळी उलटताना एक, असे टोमणे दिवसभर चालू. नवरा वीजदुरुस्तीच्या कामाला जाणारा, घरात दोन बायकांची ठिणगी उडाली की तो हमखास कुठला तरी बल्ब बदलायला उठायचा. घरातले सगळे बल्ब त्यामुळे नवे होते.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला स्वतःची एक चाचणी घ्यायची होती. तिने सूर्यफूल घेतलं. बी पेरण्याआधी कशात भिजवलं तर जास्त उगवतं, हे बघायचं. तीन प्रकारे भिजवलेलं बी, आणि चौथं कोरडंच. प्रत्येकाचे चार वाफे, असे सोळा. प्रत्येक वाफ्यात पन्नास जागा, आणि एका जागी एकच बी. सगळ्या वाफ्यांभोवती कडेला मात्र बी दाट फेकलेलं, कारण कडेची रोपं मोजायची नसतात. चौदाव्या दिवशी मोजणी. किती जागी उगवलं, किती जागा रिकाम्या राहिल्या. त्या रिकाम्या जागांवर सगळं अवलंबून होतं.

शेतावर अशा रिकाम्या जागेला नांगी म्हणतात. ओळीत बी उगवलं नाही, खंड पडला, की ती नांगी. आणि टोळीतल्या बाईला नांगी दिसली की हात आपोआप तिकडे जातो. कुठून तरी जादा रोप उचलायचं, मातीच्या गोळ्यासकट, आणि तिथे बसवायचं. याला म्हणतात नांग्या भरणं. सासूबाईंचा त्यात हातखंडा होता. त्यांनी लावलेलं रोप मान टाकत नसे.

दहाव्या दिवशी संध्याकाळी जेवताना ती नवऱ्याला सांगत होती. दुसऱ्या दिवसापासून लागोपाठ तीन पेपर होते, त्यामुळे वाफ्यांकडे फिरकायला जमणार नव्हतं. "चौदाव्या दिवशी सर येणार आहेत नांग्या मोजायला. सगळे मार्क त्याच्यावर आहेत."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "नांग्या मोजणार? सर?"

"हो."

"आणि मोजून काय करणार?"

ती दमली होती. डोक्यात उद्याचा पेपर होता. "तुम्हाला नाही कळायचं, आई," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्या वाक्यातून झालं.

तीन दिवस पेपर झाले. चौदाव्या दिवशी सकाळी ती वही, पेन्सिल, गळ्यात टोपीची दोरी अशा थाटात वाफ्यांवर पोचली. पहाटे मजूर तुषार सिंचन चालवून गेले होते, माती काळीभोर, गुळगुळीत. सरांना यायला अजून तास होता. ती पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि मोजायला लागली. पन्नासातली पन्नास. छान, म्हणाली. दुसरा वाफा. पन्नासातली पन्नास. तिसरा वाफा कोरड्या बियांचा. त्यात दहाव्या दिवशी तिने स्वतःच्या डोळ्यांनी जागोजाग खंड पाहिले होते. तोही पन्नासातली पन्नास!

ती धावतच सोळाव्या वाफ्यापर्यंत गेली. एक नांगी नाही. आठशे जागा, आठशे रोपं. मग तिने कडेच्या ओळींकडे पाहिलं. दाट पेरलेल्या कडा विरळ झाल्या होत्या. कुणीतरी नीट, एक सोडून एक, रोपं उचलली होती.

कोण ते तिला विचारावं लागलं नाही. आदल्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत धुतलेलं खुरपं तिने पाहिलं होतं. आपल्या घरात कुंडीसुद्धा नाही, मग खुरपं कशाला निघालं, एवढं मनात येऊन गेलं होतं आणि पेपरच्या घाईत विसरूनही गेली होती. तिने वही बांधावर आपटली.

"अगं आई गं, काय करून ठेवलंत हे!" ती मोठ्याने ओरडली. पलीकडच्या वाफ्यातली वर्गातली मुलगी दचकून आली. काकूंचे वाफे बघून तिला आधी हेवाच वाटला. मग सगळं ऐकल्यावर ती सहजपणे म्हणाली, "एवढं काय टेन्शन घेता काकू, अंदाजे टाका ना आकडे. कोरड्यात जास्त नांग्या दाखवायच्या, भिजवलेल्यात कमी. सगळे तसंच करतात."

"मग पेरायचं तरी कशाला गं?" काकू कडाडली. "घरी गादीवर लोळत आकडे लिहायचे की!" मुलगी परत गेली. काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. राग नेमका कुणाचा हे मात्र तिचं तिलाच कळेना.

ती तडक घरी आली. सासूबाई दारात गुडघ्यांना तेल लावत बसल्या होत्या.

"वाफ्यात तुम्ही गेला होतात?"

"गेले होते. पहारेकरी ओळखतो मला, अडवतो कशाला?" म्हातारीचा चेहरा चक्क खुलला. "तीन संध्याकाळी गेले. ऊन उतरलं की बसायचे. एक रोप मान टाकलेलं दाखव मला. आला तुझा सर? मोजू दे म्हणावं आता काय मोजायचं ते."

एकतीस वर्षांत शिकलेलं सगळं कौशल्य म्हातारीने ओतलं होतं, दुखऱ्या गुडघ्यांनी, कुणाला न सांगता. ज्या बाईने तीन वर्षं टोमण्याखेरीज काही दिलं नाही, तिने पहिल्यांदाच काहीतरी मनापासून दिलं, आणि ते नेमकं हे!

"आई, नांग्याच मोजायच्या होत्या!" सुनेचा आवाज चिरकला. "कुठलं बी उगवलं नाही तेच तर बघायचं होतं. तुम्ही माझी परीक्षाच पुसून टाकलीत. संपलं सगळं. बी संपलं, हंगाम संपला, पुढच्या वर्षी माझं वय संपलं."

म्हातारीचा तेलाचा हात तसाच थांबला. मग म्हणाली, "आमच्या वेळी मुकादम नांग्या मोजायला यायचा. ज्या बाईच्या ओळीत सापडतील तिला सगळ्यांसमोर उभी करायचा. मला वाटलं, तुला उभी करतील."

यावर ओरडणार तरी काय? सून पायरीवर बसली आणि तिने डोक्याला हात लावला.

शेवटी म्हातारीनेच विचारलं, "मी लावलेली कुठली ते कळलं तर चालेल का?"

"कसं कळणार? सगळी सारखी दिसतात. पाण्याने खुणासुद्धा गेल्यात."

"तुला सारखी दिसतात," सासूबाई म्हणाल्या आणि चप्पल शोधायला लागल्या.

सर वाफ्यावर येऊन थांबले होते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाहेरच्या व्यक्तीने हात लावला म्हणजे चाचणी बाद. मला वाईट वाटतं, पण नियम आहे."

"बाहेरची कोण?" सासूबाई म्हणाल्या. "तू इथे यायच्या आधीपासून मी या वाफ्यात बसते आहे, बाळा."

सरांना बाळा म्हटलेलं ऐकून सुनेने डोळे मिटले. पण सर चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "आजी, किती रोपं लावलीत?"

"सात विसा नि वर तीन."

"म्हणजे?"

"एकशे त्रेचाळीस, सर," सून पुटपुटली. सासूबाई आयुष्यभर विसांतच मोजत आल्या होत्या.

"आणि ती ओळखणार कशी?"

म्हातारी कण्हत वाफ्यात उतरली. एका रोपाच्या खालच्या दोन जाड पानांखाली तिने बोटं आडवी घातली. "हे बघ. आपलं आपण उगवलेलं असेल तर या पानांखाली दोन बोटं मावतात. मी लावते ते खोल लावते, म्हणून मान टाकत नाही. माझ्या रोपाखाली एकच बोट मावतं." तिने शेजारच्या रोपाखाली बोट घातलं. एकच मावलं.

सर म्हणाले, दहा रोपं उपटून बघू. म्हातारीने उपटायच्या आधी सांगायचं. तिने दहाही सांगितली. तिची जी होती त्यांच्या मुळाचा शेंडा तुटलेला होता. उरलेल्यांचं मूळ सरळ, अख्खं. दहापैकी दहा. सरांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि म्हातारीच्या बोटाला लावली. "एक पूर्णांक आठ सेंटीमीटर," म्हणत वहीत लिहिलं.

आता सुनेला राहवेना. "सर, पेर चालत नाही आणि बोट चालतं का?"

सरांचे कान लाल झाले. "मोजलेलं बोट चालतं," ते म्हणाले. आणि जरा थांबून म्हणाले, "तेव्हा मी पेरही मोजून बघायला हवं होतं."

मग मोजणी सुरू झाली. म्हातारी पुढे, बोट घालत. "माझं. माझं नाही. माझं नाही. माझं." मागे सून नकाशावर खूण करत, तिच्या मागे सर. ऊन चढलं. सरांनी स्वतःची टोपी म्हातारीच्या डोक्यावर घातली, ती तिने काढून बांधावर ठेवली आणि पदर ओढून घेतला. सोळावा वाफा संपला तेव्हा सरांनी बेरीज केली. दहा उपटलेल्यांतली तिची धरून एकशे एकेचाळीस.

"उत्तम," सर म्हणाले. "दोनाचा फरक चालून जाईल."

"चालून कसा जाईल?" म्हातारी फणकारली. "सात विसा नि वर तीन म्हणजे वर तीन. दोन कुठे गेली?"

"आई, पुरे आता, गुडघे..." सून म्हणेपर्यंत ती उलटी फिरली होती. परत सोळापासून. अकराव्या वाफ्यात, पाटाच्या कडेला, ती बसली आणि मातीतून बोट फिरवू लागली. सकाळी सुनेला भरलेला दिसलेला हा वाफा. पण त्या कोपऱ्यात दोन रोपं नुसती आडवी पडून होती, बुडाशी अळीने कातरलेली. सकाळच्या घाईत सुनेने पडलेलीच पानं उभी समजून मोजली होती. म्हातारीने खालचे खुंट उकरून सरांच्या तळहातावर ठेवले. दोन्हींची मुळं शेंड्याला तुटलेली होती.

"एकशे त्रेचाळीस," सर म्हणाले. त्यांनी वहीत घडलं तसं सगळं लिहिलं, कुणी, कधी, कसं ओळखलं, आणि खाली सही केली. चाचणी ग्राह्य. "मात्र," ते सुनेकडे वळले, "आजींनी लावलेली सगळी रोपं काढून टाकावी लागतील. ती राहिली तर पुढची वाढ मोजता येणार नाही. आजच काढा." आणि ते तासाला गेले.

दोघी उरल्या. सून पहिल्या वाफ्यात वाकली. खूण केलेल्या रोपाला तिने हात घातला. हिरवंगार, ताठ, कशाला म्हणून नाव ठेवायला जागा नाही. तिला ते उपटवेना. तीन वर्षांचा राग होता, सकाळचा होता, कपाटाच्या दारावरचा होता. एकही कामाला आला नाही.

"सरक," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ते रोप उपटलं आणि बाजूला ठेवलं. मग दुसरं. जसं लावलं होतं तसंच, एका ओळीने, पटापट. वाफ्यात जागोजाग खंड दिसायला लागले. कोरड्या बियांच्या वाफ्यांत तर जास्तच.

"परवा तुम्ही विचारलंत ना," सून म्हणाली, "मोजून काय करणार म्हणून." आणि बांधावर बसून तिने सगळं सांगितलं. कुठलं बी कशात भिजवलं, किती वेळ, प्रत्येकाचे चार वाफे कशाला, कडा का मोजायच्या नाहीत. तीन वर्षांत घरी पहिल्यांदाच ती हे सांगत होती. सांगायला पुरती दहा मिनिटंही लागली नाहीत.

म्हातारीने ऐकलं. हातातली माती झटकली. समोरच्या कोरड्या बियांच्या वाफ्याकडे ती बघत राहिली.

"म्हणजे ही खोट बियाचीच होती."

"हो."

"बाईच्या हाताची नव्हे."

"नाही, आई."

"आणि ते असं लिहून ठेवतात."

"लिहून ठेवतात."

मग म्हातारीने विचारलं, "आम्हाला कुणी सांगितलं का नाही गं?"

सुनेला उत्तर होतं. तुम्हाला नाही कळायचं, असं समजून कुणी सांगितलं नाही. तेच वाक्य, चार दिवसांपूर्वी तिच्याच तोंडातलं. ते तिला उच्चारवेना. तिने वही उघडली, नकाशात पहिल्या वाफ्याच्या नांग्या लिहायला घेतल्या, आणि म्हातारी शेजारी बसून विसांत मोजून सांगायला लागली.